चितेआधी एक दात राखा

'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४० ते ४५ वर्षे, उंची पाच फूट पाच इंच, बांधा मध्यम, रंग सावळा, नाक सरळ, केस काळे, अंगात फुल बाह्यांचा शर्ट व निळी जीन्स पँट. सदर इसमाचे नातेवाईक अगर वारस यांनी पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा.' असा मजकूर रेल्वे स्टेशनच्या फलकावर असतो, जिल्हा पेपरच्या आतल्या पानावर असतो, पोलिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर रोजच फिरत असतो. अर्धा महाराष्ट्र या वर्णनात बसेल. सोबतचा फोटो मेल्यानंतर दोन-तीन दिवसांनी काढलेला, तोही उभ्याउभ्या मोबाइलवर. चेहरा सुजलेला, काळवंडलेला. सख्खा भाऊ शवागारात येतो, क्षणभर बघतो आणि 'नाही साहेब, हा आमचा नाही' म्हणून परत जातो. कधी खरेच तो नसतो. कधी असतो.

शोधपत्रिका लिहिणाऱ्या हवालदाराला मी नावे ठेवणार नाही. त्याला छापील नमुना दिलेला असतो आणि त्यात जेवढे रकाने आहेत तेवढे तो भरतो. बंदोबस्त, बीट, कोर्टाची समन्स या सगळ्यात अकस्मात मृत्यूचा हा तपास त्याच्या गळ्यात पडलेला असतो. मृतदेह आठवडाभर शवागारात राहतो, कधी तेवढाही राहत नाही, कारण ग्रामीण रुग्णालयात शीतपेट्या चार-दोन आणि त्यातली एखादी बंद. कोणी आले नाही की पंचांसमक्ष अंत्यविधी. गाडीभाडे, कफनाचे कापड, लाकडे किंवा खड्डा खणणाऱ्याची मजुरी, यातले बरेचसे पैसे अनेकदा त्या हवालदाराच्याच खिशातून जातात. चितेला हात जोडून तो ठाण्यावर परततो आणि कागद पुरे करतो. माणुसकीत तो कुठे कमी पडलेला नसतो.

राहून जाते ती एकच गोष्ट, आणि ती वाचवण्यासाठी हा लेख आहे. चितेवर चढवण्याआधी त्या देहातून एक दात, मांडीच्या हाडाचा एक तुकडा, गॉजवर वाळवलेले थोडे रक्त काढून ठेवले, दहाही बोटांचे नीट ठसे घेतले, अंगावरचे कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात नंबर घालून ठेवले, तर तो माणूस आज ना उद्या कोणाचा तरी ठरू शकतो. पोलिसांच्या मदतीला प्रयोगशाळा आहेत, ठसेतज्ज्ञ आहेत, देशभर जोडलेले संगणक आहेत. पण या सगळ्यांच्या हातात काहीतरी द्यावे लागते. पुरत्या जळालेल्या राखेतून डीएनए निघत नाही.

आपल्याकडे माणूस हरवला की एका वहीत नोंद होते आणि मृतदेह सापडला की दुसऱ्या. पहिले मिसिंग रजिस्टर, दुसरे अकस्मात मृत्यूचे, ठाण्याच्या बोलीत 'एडी'. समजा, सांगोल्याचा एक माणूस कामाला म्हणून मुंबईकडे निघाला. घरच्यांनी वाट पाहून सांगोल्यात मिसिंग दिली. कल्याण-कसारा दरम्यान रुळालगत देह सापडला आणि एडी लोहमार्ग पोलिसांकडे दाखल झाली. या दोन नोंदींची गाठ घालून देणारे कोण? देशातली पोलीस ठाणी जोडणारी सीसीटीएनएस यंत्रणा २००९मध्ये मंजूर झाली. तिच्यात दोन्ही नोंदी चढतात, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने बेपत्ता माणसे आणि अनोळखी मृतदेह यांचा शोध घेण्याची सोय सामान्य माणसालाही करून दिली आहे. सोय चांगलीच आहे. पण संगणकाला सांगितले काय आहे? वय ४० ते ४५, रंग सावळा. सांगोल्याच्या नोंदीत वय ५२, रंग गहूवर्णी, कारण बायकोच्या लेखी तो गहूवर्णीच. हे जुळायचे कसे?

अंतर ही तर वेगळीच अडचण. २ ऑगस्ट २०१६ची रात्र आठवा. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि जयगड-मुंबई, राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या इतर वाहनांसह पुरात गेल्या. मृतदेह मिळत राहिले ते पुलाखाली नव्हे, तर खाडीच्या तोंडाशी आणि त्याही पलीकडे, थेट दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यापर्यंत. माणूस पडला रायगडात, लागला रत्नागिरीत. तेव्हा अख्खा महाराष्ट्र जागा होता, चालक-वाहकांची नावे एसटीकडे होती, नातेवाईक महाडला ठाण मांडून बसले होते. एखाद्या बिनबातमीच्या पावसाळी सकाळी असाच देह आंजर्ल्याच्या वाळूत लागला असता, तर वरच्या अंगाला कुठल्या गावात कोण हरवले आहे हे तिथल्या पोलिसांना कोणी सांगितले असते?

अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी विमान कोसळले, तेव्हा मरण पावलेल्या २६० जणांची ओळख साधारण पंधरवड्यात पटली, तीही बहुतेकांची डीएनएवरून. विमानाची यादी हातात होती आणि नातेवाईक रक्त द्यायला रांगेत उभे होते. गांधीनगरची प्रयोगशाळा रात्रंदिवस राबली. रुळावर मेलेल्या मजुरासाठी विज्ञान वेगळे नसते. त्याची यादी नसते, एवढाच फरक. आणि यादी नसली की नमुना जपून ठेवून वाट पाहण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. आपण वाट पाहत नाही, हेच माझे गाऱ्हाणे.

नमुना जपला नाही तर काय होते याचे आपल्या मातीतले उदाहरण फार लांबचे नाही. विनोबांचे जन्मगाव गागोदे पेण तालुक्यात आहे. त्या परिसरातल्या जंगलात मे २०१२मध्ये पेण पोलिसांना एक जळालेला, कुजलेला देह मिळाला. हाडांचे काही नमुने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडे गेले, उरलेले अवशेष तिथेच पुरले गेले, आणि अकस्मात मृत्यूची साधी नोंदसुद्धा झाली नाही. वहीतच नाही तर शोधणार कोण? तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१५मध्ये, मुंबई पोलीस वेगळ्याच धाग्यावरून त्या जागेपर्यंत पोहोचले, पुरलेले पुन्हा उकरले आणि देशभर गाजलेला एक खटला उभा राहिला. गोष्ट इथेही संपली नाही. २०२४मध्ये खटल्याची सुनावणी चालू असताना, २०१२मध्ये जप्त केलेली हाडे सापडत नाहीत असे न्यायालयात सांगावे लागले. पुढे काही आठवड्यांनी ती तपास यंत्रणेच्याच दिल्लीतल्या कार्यालयात मिळाली. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. मला त्या हाडांच्या प्रवासाशीच कर्तव्य आहे. वाहिन्यांनी रात्रंदिवस चघळलेल्या प्रकरणातल्या हाडांचे हे हाल, तर ज्याच्यासाठी कोणी विचारायलाही आले नाही त्याच्या पुडक्याचे काय होत असेल?

काय होते ते एखाद्या जुन्या ठाण्यातल्या मुद्देमाल खोलीत कळते. दार उघडले की आधी जप्त गावठी दारूच्या कॅनचा वास डोक्यात जातो. कोपऱ्यात कोयते, कुऱ्हाडी, गंजून एकमेकींत अडकलेल्या सायकली. फळीवर लाखेचे सील मारलेली पुडकी, काहींच्या चिठ्ठ्या वाळवीने अर्ध्या खाल्लेल्या, 'एडी नं.' एवढे वाचता येते आणि पुढचा आकडा गेलेला. मुद्देमाल कारकुनाची बदली झाली की चार्ज देताना यादी वाचून सह्या होतात, पुडकी कोणी मोजत नाही. मग एखाद्या वर्षी मुद्देमाल निर्गतीची मोहीम निघते. न्यायालयात चालू असलेल्या गुन्ह्याचा मुद्देमाल हलवायची कोणाची छाती नसते, पण एडी तर कधीच निकाली निघालेली. तेव्हा पहिला जातो तो अनोळखी माणसाचा शर्ट आणि त्याच्या चपला. त्या शर्टाच्या कॉलरवर आतल्या बाजूने गावच्या टेलरचे लेबल असते. टेलरचे नाव आणि गाव. आख्ख्या पंचनाम्यात नसलेला पत्ता त्या दोन बोटांच्या चिंधीवर असतो.

म्हणून पहिली मागणी इथेच करून टाकतो. अनोळखी मृतदेहाचे कपडे, वस्तू, ठसे आणि नमुने निर्गतीच्या यादीतून कायमचे वगळा. ओळख पटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असा स्थायी आदेश काढायला जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला दिल्लीची परवानगी लागत नाही. वर्षभरातल्या सगळ्या अनोळखी मृतांची पाकिटे एका लोखंडी कपाटात मावतील.

दातच का म्हणतो ते सांगतो. दातावरचे कवच म्हणजे शरीरातला सगळ्यात कठीण भाग, आणि त्याच्या आत गराला आसरा मिळतो. मांस कुजते, त्वचा जाते, बोटांचे ठसे जातात, पण दाढेच्या पोटात डीएनए तग धरून राहतो. पंजाबात अमृतसरजवळ अजनाला इथे २०१४मध्ये एका जुन्या विहिरीतून शेकड्यांनी सांगाडे निघाले. १८५७च्या बंडातल्या शिपायांना मारून त्या विहिरीत टाकले होते, असे इतिहासाची साधने सांगत होती. फाळणीतली माणसे असतील, असेही काही जणांचे म्हणणे होते. शास्त्रज्ञांनी दात तपासले. डीएनए आणि दातांतली मूलद्रव्ये यांवरून २०२२मध्ये निष्कर्ष आला तो असा की ही माणसे पंजाबची नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातली आहेत. १५७ वर्षे विहिरीत पडलेल्या दाढेने आपला मुलूख सांगितला. आपण तर फक्त पाच-दहा वर्षांची सोय मागतो आहोत.

यासाठी लागणारी हुशारी फार नाही, शिस्त लागते. ओले कापड प्लास्टिकच्या पिशवीत बांधले की आठवड्यात बुरशी धरते, म्हणून कागदी पाकीट. हाडाचा तुकडा फॉर्मेलिनच्या बरणीत टाकला की डीएनएची नासाडी होते, आणि शवविच्छेदनाच्या टेबलाजवळ फॉर्मेलिनच हाताशी असते. नवख्या डॉक्टरला कोणी सांगितलेले नसेल तर चूक ठरलेली. आता ठशांचे बघा. पाण्यात चार दिवस राहिलेल्या हाताची त्वचा सुरकुतते, सुटते, कधी मोज्यासारखी निघून येते. पुष्कळ ठिकाणी तिथेच 'ठसे घेणे शक्य नाही' असा शेरा पडतो. खरे तर ती सुटलेली त्वचा तज्ज्ञ स्वतःच्या हातमोजा घातलेल्या बोटावर चढवतो, शाई लावतो आणि ठसा उमटवतो. असले काम करणारी माणसे आपल्या अंगुली मुद्रा विभागात आहेत. त्यांना बोलावण्याची रीत खुनाच्या गुन्ह्यात आहे, एडीत फारशी नाही.

ठशांच्या बाबतीत या देशाला खरे तर मिरवायला जागा आहे. जगातले पहिले अंगुली मुद्रा केंद्र १८९७मध्ये कलकत्त्यात निघाले. आज राष्ट्रीय पातळीवर नाफिस हा ठशांचा संगणकीय साठा आहे, महाराष्ट्राची स्वतःची तशीच ॲम्बिस यंत्रणा आहे. अनोळखी मृताचे ठसे त्यांत घातले तर थोड्या वेळात उत्तर येऊ शकते. पण त्या साठ्यात असतात ते मुख्यतः अटक झालेल्यांचे आणि शिक्षा झालेल्यांचे ठसे. म्हणजे मेलेला माणूस पूर्वी चोरीत सापडला असेल तर त्याला नाव मिळेल, जन्मभर हमाली करून जगला असेल तर तो बेवारस. लोक चटकन म्हणतात, आधार आहे ना! आधारवरून मृतांची ओळख पटवावी अशी याचिका दिल्ली उच्च न्यायालयात आली, तेव्हा २०१८मध्ये आधार प्राधिकरणाने सांगितले की एकाचा ठसा सगळ्या देशाच्या साठ्याशी ताडून पाहणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, नंबर दिला तर तो माणूस तोच का एवढेच सांगता येते. शिवाय ठसे बाहेर द्यायला कायद्याची मनाई आहे. नंबर माहीत असता तर विचारायला कशाला आलो असतो, हे हवालदाराचे म्हणणे मात्र कोणत्याही प्रतिज्ञापत्रात आले नाही.

तेव्हा फिरून गाडी डीएनएवर येते आणि तिथे कायद्याचे दार अर्धवट उघडे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ संशयास्पद मृत्यूच्या पंचनाम्याबद्दल बोलते, अहवाल २४ तासांत दंडाधिकाऱ्याकडे जावा असेही सांगते. अनोळखी देहाचा नमुना राखा असे ते म्हणत नाही. त्याच संहितेच्या कलम १७६मध्ये सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. पण एडी हा गुन्हाच नाही, मग तज्ज्ञ येणार कशाला? गंमत अशी की एडी हा गुन्हा आहे की नाही हे बहुतेक वेळा मेलेला कोण हे कळल्यावरच ठरते.

ही फट बुजवण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. लोकनीती फाउंडेशनने २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, देशात दरवर्षी हजारो मृतदेह बेवारस म्हणून विल्हेवाटीला जातात, त्यांचे डीएनए जतन करून बेपत्तांच्या नातेवाइकांशी ताडून पाहा. सरकारने कायदा आणतो असे सांगितले आणि मे २०१८मध्ये याचिका निकाली निघाली. विधेयक आले. जानेवारी २०१९मध्ये लोकसभेने मंजूर केले, लोकसभेची मुदत संपली तसे ते बारगळले, त्याच वर्षी जुलैत पुन्हा मांडले गेले, संसदीय समितीकडे गेले, समितीने २०२१मध्ये अहवाल दिला आणि जुलै २०२३मध्ये सरकारने विधेयक मागे घेतले. त्यात पाच प्रकारच्या नोंदी ठेवायच्या होत्या, तीन गुन्ह्यांशी संबंधित आणि दोन या आपल्या माणसांच्या: बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत. विरोध झाला तो प्रामुख्याने खासगीपणाच्या मुद्द्यावर, आणि तो रास्त होता. संशयिताच्या रक्ताची नोंद सरकारने किती वर्षे ठेवायची, तिचा वापर कोणी कशासाठी करायचा, हे प्रश्न हलके नाहीत. पण त्या वादात मृतांच्या नोंदीही बुडाल्या. २०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्यांची मोजमापे आणि जैविक नमुने घेण्याची सोय करून घेतली. हरवलेल्यांचे मात्र तसेच राहिले. गुन्हेगार शोधण्याची घाई सरकारला होती, बाप शोधण्याची नव्हती.

माझे मत सरळ आहे. त्या विधेयकातल्या दोन नोंदी वेगळ्या काढा आणि तेवढ्यापुरता छोटा कायदा करा. आई, बाप, मुलगा, जो कोणी रक्त देईल तो आपल्या राजीखुशीने देईल, त्याचा उपयोग आपल्या माणसाच्या शोधाखेरीज कशालाही होणार नाही, आणि त्याने लेखी मागितले की ती नोंद पुसली जाईल. एवढे लिहिले तर खासगीपणाचा कैवार घेणाऱ्यांनाही फार हरकत राहू नये.

असे कुठे चालते का, असे विचारणाऱ्यांसाठी अमेरिकेचे उदाहरण पुरे. तिथे दरवर्षी अंदाजे ४४०० अनोळखी देह मिळतात आणि त्यांपैकी सुमारे एक हजार जण वर्ष उलटले तरी अनोळखीच राहतात, असे तिथल्या न्याय विभागानेच मांडले. मग बेपत्ता माणसे आणि अनोळखी मृत यांच्या दोन नोंदी उभ्या केल्या आणि २००९मध्ये त्या एकमेकींना जोडल्या. नॅमअस म्हणतात त्या व्यवस्थेला. खेड्यातल्या दोन शिपायांच्या ठाण्यालाही तिच्याकडून दंततज्ज्ञ, हाडांचे जाणकार, ठसे आणि डीएनए तपासणी फुकट मिळते, आणि नातेवाईक स्वतःही शोध घेऊ शकतात. अशा व्यवस्थेमुळे सगळे प्रश्न सुटले असे तिथले कोणी म्हणत नाही. पण लहान ठाण्याला 'मला एवढेच जमते' असे म्हणून फाइल मिटावी लागत नाही.

युरोपातली एक हकीकत मला नेहमी महत्त्वाची वाटते. १९९२मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पच्या नदीपात्रात एका खून झालेल्या बाईचा देह मिळाला. कोपराखालच्या हातावर गुलाबाचे गोंदण होते. पोलिसांनी त्याचा स्पष्ट फोटो काढला आणि ३१ वर्षे जपला. २०२३मध्ये इंटरपोलने अशा २२ अनोळखी बायकांची माहिती लोकांसमोर ठेवली, आणि ब्रिटनमधल्या घरच्यांनी बातमीत ते गोंदण पाहून आपली पोर ओळखली. आता आपल्याकडचे पंचनामे काढा. 'उजव्या हातावर गोंदलेले' यावर वर्णन संपते. काय गोंदले आहे, कुठल्या लिपीत, नाव आहे की तुळस की विंचू, किती बोटे रुंद? ज्या मुलखात आजीच्या पिढीतल्या बायकांच्या हातांवर गावागावाची वेगळी नक्षी आहे, तिथे गोंदणाचा एक जवळून काढलेला फोटो पोलिसाला तालुक्यापर्यंत घेऊन जाऊ शकतो.

काही जण म्हणतील, जिवंत बेपत्तांना शोधायला माणसे पुरत नाहीत आणि तुम्ही मेलेल्यांचे काय घेऊन बसलात. पण त्या जिवंत समजल्या जाणाऱ्या बेपत्तांपैकी काही जण मेलेलेच आहेत आणि दुसऱ्या जिल्ह्यात जाळून झालेले आहेत. त्यांच्या मिसिंगच्या फाइली वर्षानुवर्षे उघड्या राहतात, दर महिन्याच्या बैठकीत त्यांचा आढावा होतो, त्यांच्यापायी पोलीस पुण्या-सुरतेला जाऊन रिकाम्या हाताने येतात. खुन्याला तर यासारखे सोयीचे दुसरे काही नाही. मेलेला कोण ते कळलेच नाही तर मारले कोणी हे विचारणार कोण?

आणि घर. नवरा हरवला की बाई ना सुवासिनी ना विधवा. सासरचे म्हणतात कुंकू लाव, शेजारणी हळदीकुंकवाला बोलवावे की नाही या विचारात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११प्रमाणे सात वर्षे कोणाला काही खबर नसेल तर माणूस मेला असे मानता येते, पण तेही बहुधा दिवाणी न्यायालयातून हुकूम आणल्यावर. तोवर मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून सातबाऱ्यावर वारसनोंद नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, विम्याचे पैसे नाहीत, निराधार योजनेच्या खिडकीवर 'पतीच्या मृत्यूचा दाखला जोडा' हे एकच उत्तर. थोरला मुलगा दहावीनंतर कामाला लागतो. दुसऱ्या जिल्ह्याच्या कपाटात बापाची एक दाढ पाकिटात असती आणि मुलाच्या गालाच्या आतून कापसाचा एक बोळा फिरवून घेतला असता, तर हे सगळे काही महिन्यांत मिटण्यासारखे होते.

म्हणून मी ज्यांना ज्यांना सांगतो आहे त्यांना थेट सांगतो. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनो, अनोळखी देह टेबलावर आला की पोलिसाने पत्रात मागितले नसले तरी डीएनएसाठी नमुना घेऊन सीलबंद द्या आणि तसे शवविच्छेदन अहवालात लिहा. दंतवैद्यांनो, तुमच्याकडे येणाऱ्या बेपत्ताच्या घरच्यांना जुन्या एक्स-रेची प्रत नाकारू नका, आणि वर्षाअखेरीस जुनी कार्डे रद्दीत घालण्याआधी एकदा विचार करा. तालुक्याच्या ठाणेदाराला जाऊन 'अनोळखी देह आला तर दातांचा तक्ता मी करून देतो' असे सांगितलेत तर तो तुम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनो, अनोळखी देहासाठी दहनापेक्षा दफन बरे. मोठ्या आपत्तींनंतर मृतदेहांची व्यवस्था कशी करावी याची जी मार्गदर्शिका रेड क्रॉस आणि जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे तिचाही सल्ला हाच आहे, वेगवेगळे पुरा आणि खुणेचा नंबर लावा. आज देहावरच्या खुणांवरून धर्म ताडायचा आणि जाळायचे की पुरायचे ते ठरवायचे, ही रीत आहे. ताडलेला धर्म चुकू शकतो, पुरलेला देह पुन्हा काढता येतो, जाळलेला येत नाही. गावाबाहेर चार गुंठे जागा आणि एडी नंबर कोरलेली एक फरशी, एवढाच खर्च.

ज्यांचे माणूस हरवले आहे त्यांना एक विनंती. मिसिंग देताना २४ तास थांबा असे कोणी सांगितले तर ऐकू नका, असा कोणताही नियम नाही. लहान मुलाच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या आदेशाप्रमाणे गुन्हाच दाखल व्हायला हवा. फोटो हसरा द्या, दात दिसतील असा. लग्नातला गंभीर चेहऱ्याचा फोटो उपयोगाचा नाही. मोडलेले हाड, बसवलेला दात, ऑपरेशनचा व्रण, गोंदण, टेलरचे नाव हे सगळे तक्रारीत लिहून घ्या. त्याचा दात घासायचा ब्रश, दाढीचे पाते, कंगवा धुऊ नका. कागदात गुंडाळून बाजूला ठेवा. आई असेल तर तिचा नमुना घ्या असा अर्ज ठाण्यात द्या आणि पोच घ्या. आई कायमची राहत नाही.

आणि ज्यांचे कोणी हरवलेले नाही अशा वाचकांसाठी काम सोपे आहे. हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला निघालेल्या आपल्या आमदाराच्या हातात एक प्रश्न लिहून द्या: आपल्या जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत किती अनोळखी मृतदेहांचे अंत्यविधी झाले, त्यांतल्या किती जणांचे डीएनए नमुने, ठसे आणि कपडे आज जागेवर आहेत, आणि किती निर्गतीत गेले? आमदार विसरले तर हाच प्रश्न पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याला विचारा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. हा प्रश्न त्यात आरामात बसतो.